दोन चिठ्ठ्या, एकच पीसी : तुम्ही काय निवडलंत?

रानजाई
काल भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन कोटेशनं पाठवली. "मावशी, यातलं कुठलं घेऊ?" एकात रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरएक्स ७७०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड. दुसऱ्यात नवा प्रोसेसर रायझन ५ ७६००, डीडीआर५ रॅम, कार्ड मात्र खालचं, आरएक्स ७६००. बेरीज जवळपास सारखीच. वाचता वाचता २०१८ ची दिवाळी आठवली.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरच्या दुकानांचा. आईची भिशी लागली होती, त्यातले पंचावन्न हजार तिने मला पीसीसाठी दिले आणि स्वतः बरोबर आली. दुकानदाराने दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या. पहिली : इंटेलचा आय३ ८१०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० सहा जीबी कार्ड. दुसरी : रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, पण कार्ड खालचं, १०५० टीआय. माझा सगळा जीव १०६० वर. आई तोवर गप्प होती. मग एवढंच विचारलं, "ह्यातलं पुढे काय काय बदलता येतं?" दुकानदार म्हणाला, कार्ड दोन्हीत बदलता येईल, पण इंटेलच्या त्या बोर्डाला पुढे फार वाव नाही, रायझनचं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) अजून चालेल. आईने दुसरी चिठ्ठी उचलून त्याच्या हातात दिली.

दोन वर्षं मी मनात कुढत होते. मैत्रिणीकडे १०६० होतं, तिचे गेम लोण्यासारखे चालायचे. २०२१ मध्ये कार्डासाठी पैसे जमवले तर क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी (कार्डांवर आभासी चलन कमावणारे) कार्डं उचलल्यामुळे भाव हाताबाहेर. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं मायनिंग थांबलं, भाव उतरले, तेव्हा आरएक्स ६६०० घेतलं. त्याच बोर्डाचं बायॉस (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० पण बसवला. बोर्ड अजून तोच आहे. काल आईला फोन करून हे सगळं सांगितलं.

तुमच्या चिठ्ठ्यांचं काय झालं? लिहा ना.

चहाबाज
माझं भांडण एनव्हिडियाच्या दोन कार्डांचं, ३०६० की ४०६०. सगळे म्हणाले नवीन घे, वीज कमी खातं (११५ वॅट, ३०६० ला १७०). मी ब्लेंडरवर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) काम करतो, मला कार्डावर मेमरी हवी होती. ३०६० ला १२ जीबी, ४०६० ला ८. जुनं घेतलं. मोठे सीन उघडतात, समाधानी आहे. फक्त गेमच खेळायचे असते तर ४०६० घेतलं असतं.

मोगरा
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. आमच्याकडे भांडण आतल्या पार्टांवरून नव्हतंच, कॅबिनेटवरून होतं. लेकाला समोरून काच आणि दिवे, यांना जाळीवालं काळं. पैसे तेवढेच. मी म्हटलं आपलं घर रस्त्याला लागून, उन्हाळ्यात खोली तापते, हवा खेळती पाहिजे. जाळीवालं आलं. दर महिन्याला धूळ पुसायचं काम लेकाचं, आणि तो खरंच करतो!! मग वाढदिवसाला त्याला दिव्यांची पट्टी आणली, टेबलामागे लावलीय. शिट्टी झाली, येते.

सांगलीकर
सगळे कार्डावर बोलतायत. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कुणी बघतं का? माझ्या दोन याद्यांत हाच फरक होता. एकीत कार्ड एक पायरी वरचं आणि एसएमपीएस बिननावाचा. दुसरीत कार्ड साधं, एसएमपीएस ब्रॉन्झ रेटिंगचा, पाच वर्षं वॉरंटी. मी पहिली घेतली. आमच्याकडे संध्याकाळी विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की दिवे मिणमिणतात. आठव्या महिन्यात जळका वास आला आणि बोर्डासकट गेलं. भावाने पदरमोड करून नवीन बोर्ड घेऊन दिला, ते मी विसरणार नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवून अर्थिंग तपासा, मग गेम.

रानजाई
@सांगलीकर, अरेरे. वाचून वाईट वाटलं. भाच्याच्या दोन्ही याद्यांत आता एसएमपीएस बघते.

एकटा_जीव
लॅमिंग्टन रोडला जायचं तर ग्रँट रोडला उतरून चालत जायचं. आम्ही कॉलेजातून यायचो तेव्हा पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग वाचून वाटायचं आपण चुकलो. पीसी घ्यायचे पैसे नसायचे, नुसतं काचेतून कार्डं बघून परत यायचो. येताना स्टेशनबाहेर वडापाव. ती चटणी…

मोगरा
सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट. खोबरं आधी भाजून घ्या, आठवडाभर टिकते.

एकटा_जीव
ताई धन्यवाद, रविवारी करतो.

परसातली_जास्वंद
माझा अनुभव जरा वेगळा. मुलाने हट्टाने रायझन ७६०० वाली यादी निवडली होती, आणि घरी आल्यावर गेम रडतखडत चालायला लागले. तीन आठवडे तो स्वतःला दोष देत होता की आईबाबांचे पैसे वाया घालवले. जेवायचा नाही नीट. शेवटी त्याच्या मित्राने मागे वाकून बघितलं, मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावलेली! रायझन ७६०० मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक असतं म्हणून चित्र दिसत होतं, कार्ड नुसतं बसून. वायर खाली कार्डात लावली आणि पोराचा चेहरा असा उजळला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा निवड चुकली म्हणण्याआधी वायर बघा बाबांनो.

चहाबाज
@जास्वंद, तो मित्र सोन्यासारखा आहे, जेवायला बोलवा त्याला.

दूरदेशी
आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीच्या एडिसनला. इथून पॅटर्सनच्या मायक्रो सेंटर या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो की प्रोसेसर, बोर्ड, रॅम एकत्र बंडलमध्ये स्वस्त पडतं. मी तिथे अर्धा तास दोन बंडल हातात घेऊन उभा होतो. शेवटी एएम५ सॉकेटवालं घेतलं, एएमडीने (रायझनवाली कंपनी) ते सॉकेट २०२७ च्या पुढेपर्यंत चालवू म्हटलंय म्हणून. तुमच्या आईंचाच प्रश्न, फक्त मला विचारायला कुणी नव्हतं. सांगलीला मामा असतात माझे, @सांगलीकर तुम्ही शहरातले की गावाकडचे?

सांगलीकर
तासगाव बाजूचा. द्राक्षं आहेत आमची.

दूरदेशी
अरे वा! मामा पण तासगावचेच. मेसेज करतो.

अर्धवटराव_नव्हे
रानजाई, भाचा खेळतो काय आणि मॉनिटर कुठला, हे विचारलंत का? व्हॅलोरंटसारखा गेम १०८०पी रिझोल्यूशनवर, १४४ हर्ट्झ मॉनिटरवर असेल तर प्रोसेसर महत्त्वाचा, रायझन ७६०० वाली यादी घ्या. १४४०पी चा मॉनिटर आणि मोठाल्या नकाशांचे गेम असतील तर ७७०० एक्सटी, बारा जीबी मेमरी आहे, आज जास्त आनंद देईल. मी स्वतः पहिल्या प्रकारचा असून दुसऱ्या प्रकारची यादी घेतली होती. मित्रांना दाखवायला कार्ड मोठं पाहिजे होतं. कार्ड अर्धं रिकामं बसायचं.

रानजाई
विचारलं आत्ताच. मित्रांबरोबर व्हॅलोरंटच, मॉनिटर जुनाच १०८०पी चा. आणि म्हणाला, "आजीला विचारून सांगतो." त्याने तिला आधीच फोन केला होता.

मोगरा
आजी काय म्हणाल्या ते लिहा बरं का, वाट बघतेय.

अर्धवटराव_नव्हे
आणि रायझन ७६०० घेतलाच तर रॅमच्या दोन काड्या घ्यायला सांगा, एक नको. बायॉसमध्ये एक्सपो (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करायचं राहून जातं, तेही बघायला सांगा.