मदत हवी आहे: शिंपल्यांच्या भट्टीतील मुक्त ऊर्जेचे गणित

बारावीला गिब्ज मुक्त ऊर्जा (अभिक्रिया आपोआप घडेल का, हे जिच्यातील बदलावरून ठरते ती राशी) शिकवताना मी आपल्या कोकणातील शिंपले भाजून चुना करण्याचे उदाहरण घेते. शिंपल्यांतील कॅल्शियम कार्बोनेटचे चुना आणि कार्बन डायऑक्साइड असे विघटन होते; त्यासाठी प्रति मोल एन्थाल्पीतील (उष्णतेच्या हिशेबातील) बदल १७८ किलोज्यूल आणि एन्ट्रॉपीतील (अव्यवस्थेच्या मापातील) वाढ १६० ज्यूल प्रति केल्विन धरली, तर प्रमाण स्थितीतील (म्हणजे वायूचा दाब १ बार असतानाच्या) मुक्त ऊर्जेतील बदल सुमारे ८४० अंश सेल्सिअसला शून्य होतो, आणि त्यापुढे विघटन उत्स्फूर्त, म्हणजे आपोआप घडणारे, ठरते. मात्र खाडीवरचा वारा भट्टीतील कार्बन डायऑक्साइड सतत वाहून नेत असेल, तर विघटन त्याहून कमी तापमानालाच उत्स्फूर्त ठरायला हवे, अशी शंका एका विद्यार्थिनीने काढली (आणि मी क्षणभर निरुत्तर झाले). त्या वायूचा आंशिक दाब (मिश्रणातील त्याचा स्वतःचा दाब) ०.१ बार धरल्यास मला सुमारे ७२० अंश मिळतात. ही मांडणी बरोबर आहे का, आणि एन्थाल्पी व एन्ट्रॉपी तापमानानुसार बदलत नाहीत, हे गृहीतक इतक्या उष्णतेलाही चालते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.