मदत हवी आहे: स्वतःच्या स्नीकरचे ५० जोड कोठे आणि कसे बनवून घ्यावेत?

मी नाशिकमध्ये राहून स्वतंत्रपणे स्नीकरची डिझाइन्स करतो. आतापर्यंत तयार बुटांवर रंगकाम करून विक्री केली. आता मात्र अप्परपासून (बुटाचा पाय झाकणारा वरचा भाग) स्वतःचे असलेले एक मॉडेल ६ ते १० या पाच मापांत, एकूण ५० जोड, काढायचे आहे. रेखाचित्रे, कागदी पॅटर्न आणि एका मापाचा हाताने शिवलेला नमुना तयार आहे.

सातपूर आणि अंबड येथील रबराच्या कारखान्यांत चौकशी केली. परंतु प्रत्येक मापाच्या सोलसाठी वेगळा साचा लागत असल्याने तो खर्च इतक्या कमी जोडांवर बसत नाही. त्यामुळे बाजारात तयार मिळणारा कप सोल (कडा वर आलेला, वाटीसारखा तळ) घेऊन, त्याच्याशी जुळणाऱ्या लास्टवर (ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा) अप्पर चढवावे, असे ठरवले आहे. (सोल आधी आणि लास्ट नंतर घेण्याची चूक करून झाली आहे, म्हणून आता दोन्ही एकत्रच हवेत.) बूटनिर्मितीचे मोठे केंद्र असलेल्या आग्र्याला एकदा जाणे शक्य आहे, वारंवार नाही.

डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणीचा अर्ज करण्याआधी डिझाइन प्रसिद्ध झाल्यास ते नावीन्य गमावते, म्हणून छायाचित्रे टाकलेली नाहीत.

सोल व लास्ट एकत्र देऊन एवढ्या कमी जोडांचे काम घेणारे कारागीर मुंबईत धारावीकडे मिळतील, की आग्राच गाठावे? आणि नमुना त्यांच्या हाती देण्यापूर्वी नोंदणीचा अर्ज करणे आवश्यक आहे, की लेखी गोपनीयता करार पुरेसा ठरतो?