सड्यावरील इवल्या फुलांच्या अभ्यासासाठी आणि छंदासाठी ४५ हजारांत कोणता कॅमेरा घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत आहे. माझ्या प्रकल्पाचा विषय कास आणि चाळकेवाडीच्या जांभ्याच्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) पावसाळ्यात उगवणाऱ्या अल्पजीवी वनस्पती हा आहे. सीतेची आसवे, दवबिंदू आणि गेंद यांची छायाचित्रे मला प्रबंधात छापायची आहेत. गेंदाचा फुलोरा अनेकदा जेमतेम ५ मि.मी. रुंद असतो आणि त्यातील छदे (फुलांखालची इवली पाने) स्पष्ट दिसल्याशिवाय जात ओळखणे अवघड जाते. आतापर्यंत मोबाइलवर भागवले, परंतु वाऱ्याने हलणाऱ्या देठाऐवजी मागच्या गवतावर फोकस जातो आणि आसवांचा जांभळा रंग निळसर उमटतो.

प्रकल्प संपल्यावरही छायाचित्रणाचा छंद चालू ठेवण्याची इच्छा आहे. शिष्यवृत्तीतून साठवलेले ४५ हजार रुपये हाती आहेत आणि त्यातच सर्व बसवायचे आहे. मी तीन पर्याय पाहिले आहेत: दोन लेन्ससह नवा कॅनन १५००डी, एका किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी साधी लेन्स) नवा कॅनन आर१००, किंवा वापरलेला निकॉन डी५६००. दुकानदार तिन्हींचे मेगापिक्सेल सांगून तुलना करतात, पण तिन्हींचा आकडा जवळपास २४ आहे. मग निवड नेमकी कशावरून करावी? क्षेत्रकार्य करणाऱ्यांनी अनुभवावरून सांगितल्यास फार मदत होईल.

पहिले उत्तर

आपला विषय स्पष्ट आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. मी गेली बरीच वर्षे घाटमाथ्यावर वनस्पतींची नोंद करतो, आणि विद्यार्थ्यांना प्रथम एक हिशेब करायला लावतो. कॅननच्या या वर्गातील कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २२.३ मि.मी. रुंद असतो आणि त्यावर आडवे ६००० पिक्सेल असतात. किट लेन्स अगदी जवळ नेली तरी ती वस्तूची साधारण एक-चतुर्थांश आकाराची प्रतिमा सेन्सरवर पाडते, म्हणजे चौकटीत सुमारे ९० मि.मी. रुंदीचा भाग येतो. त्यात आपल्या ५ मि.मी.च्या गेंदाच्या वाट्याला जेमतेम ३३५ पिक्सेल येतात. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर हे चित्र ३ सें.मी.पेक्षाही लहान छापावे लागेल. तेच फूल वस्तूइतक्याच आकारात, म्हणजे एकास एक प्रमाणात सेन्सरवर आणले, तर त्याला १३०० हून अधिक पिक्सेल मिळतात आणि ११ सें.मी. रुंदीचे स्वच्छ चित्र छापता येते. बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरा, या तिघांपैकी कोणतीही घेतली तरी हा हिशेब फारसा बदलत नाही. तो बदलतो लेन्समुळे. म्हणून ४५ हजारांपैकी किमान आठ-दहा हजार जवळून टिपण्याच्या साधनांसाठी आधीच बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत बॉडी शोधावी, असे माझे ठाम मत आहे.

बॉडी निवडताना आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात तळाशी दिलेली असते, ती म्हणजे मागचा पडदा उघडून फिरवता येतो की नाही. दवबिंदू जमिनीला चिकटून वाढतो. १५००डी आणि आर१०० या दोन्हींचे पडदे स्थिर आहेत आणि त्यांना स्पर्शाची सोयही नाही, त्यामुळे ओल्या सड्यावर पालथे पडून, गाल चिखलाला टेकवून चित्र घ्यावे लागते. हा त्रास एक दिवस चालतो. संपूर्ण हंगामभर चालत नाही. शिवाय आपण आडवे पडतो तेव्हा शेजारची दहा रोपे अंगाखाली चिरडली जातात, आणि कास हा २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक आहे, हे आपल्याला सांगायला नको. डी५६०० चा पडदा फिरतो आणि त्यावर स्पर्शाने फोकस करता येतो, मात्र पडद्यावरून पाहताना त्याचा फोकस संथ चालतो. कॅननच्या २००डी मार्क २ मध्ये पडदाही फिरतो आणि पडद्यावरील फोकसही चपळ आहे. तो २०१९ साली आला. आपल्या तीन पर्यायांत तो नाही, पण वापरलेला मिळत असेल तर माझी पहिली पसंती त्यालाच राहील.

दोन लेन्सच्या संचाचा मोह टाळावा. ५५ ते २५० मि.मी.ची लेन्स पक्ष्यांसाठी चांगली असली तरी आपल्या प्रकल्पाला तिचा थेट उपयोग कमी आहे.

दुसरे उत्तर

वरील हिशेब योग्य आहे, पण मी वेगळा मार्ग सुचवतो. कीटकांचा अभ्यास करणारे माझे काही सहकारी ऑलिम्पस टीजी-६ हा छोटा कॅमेरा वापरतात. तो पावसात भिजला तरी चालतो, १५ मीटर खोल पाण्यात नेता येतो आणि अवघ्या १ सें.मी. अंतरावरून फोकस करतो. त्याचा सेन्सर लहान असल्यामुळे फुलाचा जास्त भाग एकाच वेळी स्पष्ट येतो. मोठ्या सेन्सरवर जे साधण्यासाठी धडपडावे लागते, ते तो खिशातून काढताक्षणी करतो. मात्र तो १२ मेगापिक्सेलचा आहे, आणि निसर्गदृश्ये, व्यक्तिचित्रे, संध्याकाळचा अंधुक प्रकाश अशा छंदाच्या बाजूला तो लवकर अपुरा पडतो. केवळ प्रकल्प असता तर मी त्याचाच आग्रह धरला असता. घ्यायचा विचार केलाच, तर त्याची दुरुस्ती आपल्या भागात कोठे होते हे आधी विचारून घ्यावे.

तिसरे उत्तर

वापरलेला कॅमेरा घ्यायचा ठरल्यास काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. मी मुंबईत फोर्टातील बोरा बाजारातून दोन कॅमेरे घेतले आणि दोन्ही उत्तम चालले; तिसरा ओळखीतून, न तपासता घेतला आणि त्याच्या लेन्समध्ये बुरशी निघाली. चूक माझीच होती. लेन्स बॉडीवरून काढून तिच्या एका टोकातून मोबाइलचा टॉर्च तिरपा टाकावा आणि दुसऱ्या टोकातून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर किंमत कितीही कमी असली तरी तो व्यवहार सोडून द्यावा. धुळीचे दोन-चार कण असतील तर चिंता नको.

सेन्सरची तपासणी तितकीच सोपी आहे. ॲपर्चर (लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/१६ वर, म्हणजे बरेच लहान ठेवून मोकळ्या आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे; सेन्सरवरचे डाग त्यात काळपट ठिपक्यांसारखे उमटतात. मग लेन्सवर झाकण लावून दहा-पंधरा सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे, म्हणजे सदोष पिक्सेल रंगीत बिंदूंच्या रूपाने दिसतात. निकॉनमध्ये शटर किती वेळा चालले आहे याचा आकडा चित्राच्या माहितीतच नोंदवलेला असतो. कॅननमध्ये तो सहसा तेथे मिळत नाही, त्यामुळे पकडीचे रबर, बटणांवरची अक्षरे आणि लेन्स बसवण्याच्या कड्यावरची झीज पाहून अंदाज करावा लागतो. बॉडीच्या तळाशी असलेला क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहणे कधीही चुकवू नये. बिल नसलेला कॅमेरा चोरीचा असू शकतो.

डी५६०० घेणाऱ्यांना एक इशारा देणे आवश्यक वाटते. त्या बॉडीत फोकसची मोटर नाही. बाजारात स्वस्तात मिळणारी निकॉनची जुनी ५० मि.मी. एफ/१.८ डी लेन्स त्यावर बसते, पण तिचा फोकस हातानेच करावा लागतो. जवळून टिपताना हाताने फोकस करणेच सोयीचे असते, त्यामुळे आपल्याला ते खटकणार नाही कदाचित. पण छंदासाठी वापरताना हे माहीत असावे.

प्रश्न विचारणारीकडून

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने उत्तरे दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पिक्सेलचा हिशेब मी वहीत पुन्हा करून पाहिला आणि दुकानात कोणीही हे का सांगितले नाही, याचे आश्चर्य वाटले. पुण्यातील एका विक्रेत्याकडे बिलासह वापरलेला २००डी मार्क २ किट लेन्ससह ३२ हजारांत मिळत आहे. १३ हजार उरतात. खरी मॅक्रो लेन्स, म्हणजे खास जवळून टिपण्यासाठीची लेन्स, त्यात बसत नाही. मग काय घ्यावे? तसेच जांभळ्या रंगाचे काय करावे, आणि पावसाळ्यात कॅमेरा कसा जपावा, हे दोन प्रश्न उरलेच आहेत.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून पुन्हा

३२ हजार ही किंमत, तपासणीत सर्व ठीक निघाल्यास, मला रास्त वाटते. उरलेल्या रकमेत कॅननची ५० मि.मी. एफ/१.८ एसटीएम लेन्स, शक्य असल्यास वापरलेली, आणि एक्स्टेन्शन ट्यूबचा संच घ्यावा. या ट्यूबमध्ये काच नसते. ती लेन्सला सेन्सरपासून दूर नेणारी पोकळ नळी असते, आणि लेन्स जितकी दूर जाते तितकी जवळची वस्तू मोठी टिपली जाते. ट्यूबच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंग्थने (तिच्या नावातील मि.मी.च्या आकड्याने) भागले की प्रतिमेत किती भर पडते ते कळते. बाजारातील संचात बहुधा १३, २१ आणि ३१ मि.मी.च्या तीन ट्यूब असतात. ३१ ची ट्यूब ५० च्या लेन्सला लावली की ०.६२ ची भर पडते. लेन्सचे स्वतःचे ०.२१ धरून प्रतिमा वस्तूच्या ०.८३ पट होते, आणि चौकटीत सुमारे २७ मि.मी. रुंदी मावते. आपल्या गेंदाला तेव्हा ११०० हून अधिक पिक्सेल मिळतात. ३१ ला १३ ची ट्यूब जोडली की आपण एकास एकच्या थोडे पुढेच जातो.

ट्यूब घेताना धातूचे विद्युत संपर्कबिंदू असलेलीच घ्यावी. तीन-चारशे रुपयांत साध्या ट्यूब मिळतात, पण कॅननच्या लेन्सचे ॲपर्चर बॉडीकडून येणाऱ्या विद्युत संकेतावर चालते. संपर्क तुटला की ते पूर्ण उघडेच राहते आणि फुलाची एक पाकळी स्पष्ट तर बाकी सारे धूसर असे चित्र येते.

स्पष्टतेबाबत थोडी तयारी ठेवावी. एकास एक प्रमाणात एफ/११ वरसुद्धा एक मिलिमीटरपेक्षा कमी खोली स्पष्ट येते. ॲपर्चर आणखी लहान करून हे सुटत नाही, कारण इतक्या जवळ एफ/११ हे प्रत्यक्षात एफ/२२ इतके लहान झालेले असते आणि त्यापुढे सगळेच चित्र मऊ पडते. क्षेत्रात असताना फुलाचा महत्त्वाचा भाग सेन्सरला समांतर ठेवावा. प्रयोगशाळेत, वारा नसताना, कॅमेरा स्थिर ठेवून फोकस थोडा थोडा सरकवत पंधरा-वीस चित्रे घ्यावीत आणि संगणकावर ती एकत्र करावीत. कॅननचे ईओएस युटिलिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, त्यामुळे कॅमेऱ्याला हात न लावता संगणकावरूनच फोकस सरकवता येतो. प्रबंधातील छदांची चित्रे याच पद्धतीने घ्यावीत.

एफ/११ म्हटले की प्रकाश अपुरा पडणार, आणि सड्यावर ऑगस्टमध्ये धुके असते. कॅमेऱ्याची स्वतःची फ्लॅश वापरावी, पण तिच्यापुढे पांढरा पातळ फोम किंवा ट्रेसिंग पेपर लेन्सच्या टोकापर्यंत येईल असा बांधावा, म्हणजे लेन्सची सावली फुलावर पडत नाही आणि ओल्या पाकळ्या चकाकत नाहीत. फ्लॅशच्या क्षणिक प्रकाशामुळे वाऱ्याने हलणारा देठही गोठल्यासारखा येतो.

जांभळ्या रंगासाठी चित्रे रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी, त्याच प्रकाशात, करड्या रंगाच्या कार्डाचे एक चित्र घ्यावे. नंतर संगणकावर त्या कार्डावरून रंगसंतुलन जुळवता येते. कार्डाच्या कडेला मिलिमीटरची पट्टी चिकटवली की मापनपट्टीचेही काम होते.

चौथे उत्तर

मी सिंधुदुर्गात राहतो आणि बुरशीपायी एक लेन्स गमावली आहे, म्हणून एवढे सांगतो. पावसातून आल्यावर कॅमेरा बॅगेत तसाच बंद ठेवू नये, कारण ओलसर बॅगेचे कापडच बुरशीला पोसते. सुती कापडाने पुसून तासभर पंख्याखाली ठेवावा आणि मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह (ओलावा शोषणारे खडे) ठेवावा. डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा मापक टाकावा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. जेलने रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये, कारण निळ्या जेलमधील रंगद्रव्य अपायकारक असते. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तांदळाची भुकटी लेन्सच्या कड्यात शिरते, म्हणून तो मानू नये.

प्रश्न विचारणारीकडून

कॅमेरा काल घेतला. टॉर्च, पांढरी भिंत आणि झाकण या तिन्ही परीक्षा विक्रेत्यासमोरच केल्या. सेन्सरवर एक डाग आढळला, तो त्यांनी लगेच स्वच्छ करून दिला. ५० मि.मी. लेन्स वापरलेली, साडेसहा हजारांत मिळाली आणि ट्यूबचा संच अडीच हजारांत, त्यामुळे राखीव बॅटरी, मेमरी कार्ड आणि हवाबंद डबा यांसाठीही पैसे उरले. रात्री टेबलावर पोलादी पट्टी ठेवून पाहिले. किट लेन्समध्ये जवळपास ९० मि.मी. दिसते आणि ३१ च्या ट्यूबसह ५० च्या लेन्समध्ये २७ च्या रेषेवर चौकट संपते. अंगणातल्या लव्हाळ्याच्या कणसावर पहिली वीस चित्रे घेतली आहेत. त्यातील तीन चित्रांत कणिशकांवरची लव मोजता येते.