चुलत्यांच्या शेडमधली डिस्पोजलची जीप, सुरुवात कुठून करू?

जीपवेडा_वाई
नमस्कार मंडळी, आमच्या चुलत्यांच्या शेडमध्ये डिस्पोजलची एक जीप कित्येक वर्षं उभी आहे, आजोबांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, आता काका म्हणतायत तुला एवढी हौस आहे तर घेऊन जा. आरसी बुकात फोर्ड १९४४ लिहिलंय पण गावात सगळे तिला विलीजच म्हणतात. स्टेअरिंग डावीकडे, पुढच्या जाळीला नऊ खाचा. इंजिन जाम आहे आणि ड्रायव्हरच्या बाजूचा फ्लोअरचा पत्रा पार कुजलाय. इथले मिस्त्री म्हणतात पेट्रोल इंजिन भंगारात घाल, मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवून देतो, अ‍ॅव्हरेज पण मिळेल. मला मनापासून ती मूळ होती तशीच करायची आहे पण खर्चाची भीती वाटते. आधी काय करू, इंजिन, पत्रा की कलर?

पाटे_आणि_पाने
अरे वा, नशीबवान आहेस! नऊ खाचा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलीच गाडी, नंतरच्या सीजेला, म्हणजे सिव्हिलियन जीपला, सात असतात. युद्धात तीच जीप विलीज आणि फोर्ड दोन्ही कंपन्या बनवायच्या, आता तुझी फोर्ड की विलीज ते गावाला नको विचारू, चॅसीला विचार. रेडिएटरच्या खाली पुढचा आडवा मेंबर बघ, गोल पाइप असेल तर विलीज एमबी, उलट्या पन्हळीसारखा चॅनल असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू. फोर्डचा चॅसी नंबर डाव्या बाजूच्या चॅसीवर वरून ठोकलेला असतो, इंजिन माउंटच्या आसपास, तिथला ग्रीस आणि माती रॉकेलने धुऊन मग वायर ब्रश हलक्या हाताने मार, ग्राइंडर अजिबात लावू नको, नंबर गेला तर गाडीची ओळखच गेली. आणि बोल्टच्या डोक्यांवर बारीक F दिसतोय का बघ, फोर्डने बारीकसारीक पार्टवर सुद्धा तो छापलेला असायचा. फोर्डच्या चॅसीवर विलीजची बॉडी निघाली तर नाराज होऊ नकोस, मिलिटरी वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉल करताना पार्ट इकडचे तिकडे व्हायचेच आणि तोही त्या गाडीचा इतिहासच आहे.

डिझेल मात्र नको, हात जोडून सांगतो. ते २.२ लिटरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, ६० हॉर्सपॉवर, इतकं साधं आहे की साध्या पान्यांनी सगळं उघडतं. जड डिझेल टाकलं की पुढचे पाटे बसतात, गिअरबॉक्सवर लोड येतो, आणि आरसीवर इंजिन नंबर जुळत नाही तो ताप वेगळाच.

गॅरेजवाला_खडकी
वरच्याशी शंभर टक्के सहमत. जाम इंजिनला हँडल घालून जोर मारू नका आणि दुसऱ्या गाडीने ओढून तर मुळीच नको. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) अर्धं अर्धं ओता आणि आठवडा-दोन आठवडे विसरून जा, मग फॅनच्या बाजूने हाताने मागे-पुढे थोडं थोडं हलवून बघा. नाहीच हललं तर हेड उतरवा, व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असल्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण आहे, ते काढलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह सगळं समोर दिसतं. बऱ्याचदा एखादा व्हॉल्व्हच गाइडमध्ये चिकटलेला असतो. फिरायला लागलं की डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), थंड इंजिनवर टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप १४ थाउ, फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम १-३-४-२.

वायरिंग ६ व्होल्टचं आहे, त्याला जाड केबल लागते. सेल्फ रडत रडत फिरतो म्हणून लोक लगेच १२ व्होल्ट करतात, पण बहुतेक वेळा अर्थिंगचा गंज खरवडला तरी काम होतं.

आता एक जिवावरची गोष्ट. चाकं कॉम्बॅट रिमची असतील, म्हणजे दोन तुकडे नट-बोल्टने जोडलेले, तर ते नट सोडायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या. हवा भरलेली असताना नट सोडले तर रिम उडून डोक्यात बसते. पंक्चरवाल्या पोराला हे माहीत नसतं, तुम्ही स्वतः समोर उभे राहा.

जीपवेडा_वाई
चॅनल आहे!! आणि बंपरच्या बोल्टवर F पण सापडला, काका पण खूष झाले. पण आरसीची मुदत कधीच संपलीय, आणि कलर मिलिटरीचाच करायचा आहे, चालेल ना?

कागदपत्र_काका
२०२१ च्या जुलैत व्हिंटेजचे वेगळे नियम आलेत, ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी त्यात बसते. जुनी नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नवीन नोंदणीला २० हजार, पुढे दर १० वर्षांनी ५ हजार. पण रोजच्या वापराला ती बाहेर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. इंजिन बदलू नका असं सगळे म्हणतायत त्याचं हेही एक कारण. आणि ऑलिव्ह ग्रीन कलर मोटार वाहन नियमांत फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे, त्यामुळे डबा उघडायच्या आधी आरटीओत अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. तोवर नुसता रेड ऑक्साइड प्रायमर मारून ठेवा.

गॅरेजवाला_खडकी
कलर तसाही सगळ्यात शेवटी, आधी ब्रेक. चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होस नवीन टाका, जुन्यावर विश्वास नको. आणि आत्ताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुना रबर फुगतो, फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि पाइप व्हायटॉनचे (इथेनॉलला टिकणारा रबर) घ्या, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. टाकी सीटखालीच आहे, गळली तर पेट्रोल थेट तुमच्या पायाखाली.