मदत हवी आहे: प्लूटो ताऱ्यापुढून जाण्याची वेळ काढतेय, सावली भलतीकडेच पडतेय

मंडळी, तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलेय, आता खरंच कोणीतरी हात द्या.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन पिधानाचं भाकीत स्वतः करायचं ठरवलंय, म्हणजे बटुग्रह एखाद्या ताऱ्याच्या पुढून कधी जाणार आणि सावली पृथ्वीवर कुठून जाणार हे तयार नकाशा न बघता आपल्या हाताने काढायचं. चंद्राआड रोहिणी जाते तसंच हे, फक्त तारा इतका लांब असतो की किरण समांतरच येतात, म्हणून सावली बटुग्रहाएवढीच रुंद पडते. प्लूटोची २३७७ किमी, आणि ती सेकंदाला वीसेक किलोमीटरने पळते, म्हणजे पट्ट्याच्या अगदी मध्ये असलात तरी खेळ दोनेक मिनिटांचा. पट्ट्याबाहेर असाल तर काहीच दिसत नाही, नुसता तारा बघत बसायचं.

पुढचं भाकीत करण्याआधी प्रोग्राम जुन्या घटनांवर तपासून घ्यावा म्हणून ६ जून २०२० ची घटना घेतली, कारण ती आपल्याकडूनच बघितली गेली होती, नैनितालजवळच्या देवस्थळहून, तिथल्या १.३ आणि ३.६ मीटरच्या दुर्बिणींनी. तारा तेजस्वितेने साधारण १३ प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. प्लूटोच्या वातावरणाचा दाब २०१५ पासून तेव्हापर्यंत जवळपास स्थिर राहिला होता हे त्या निरीक्षणातूनच दिसलं, त्यामुळे मुलांनाही ही घटना जवळची वाटते.

आता गडबड सांगते. नकाशाची प्रिंट काढून देवस्थळवर निळ्या पेनने ठिपका दिलाय आणि माझी सावली लाल पेन्सिलीने आखलीये, तर लाल पट्टा जिथे जायला हवा त्याच्यापासून हजाराच्या वर किलोमीटर सरकलाय. मग १५ ऑगस्ट २०१८ ची घटना घेतली, जी अमेरिका आणि मेक्सिकोतून बघितली होती, तर तिथेही तेवढीच चूक पण बरोबर उलट दिशेला!! चूक एकाच बाजूला असती तर समजू शकले असते. वेळही चुकतेय, दोन्हीदा उशिरा येते, एकदा थोडी, एकदा बरीच.

काय केलंय ते: ताऱ्याची जागा गाया या अवकाश दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या कॅटलॉगमधून (डीआर३) घेतली, ती २०१६ च्या सुरुवातीची (२०१६.०) असते म्हणून ताऱ्याची स्वतःची गती लावून घटनेच्या तारखेला आणली. प्लूटोची जागा नासाच्या जेपीएलच्या होरायझन्सवरून (ग्रहांच्या जागा देणारी ऑनलाइन सेवा), व्हेक्टर टेबल म्हणजे x, y, z आकडे, पृथ्वीच्या केंद्रातून, लाइट टाइम करेक्शन (प्रकाश इथवर यायला लागणारा वेळ) लावून. जून २०२० मध्ये प्लूटो ३३ एयूच्या (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३३ पटीच्या) जरा पलीकडे होता, म्हणजे तिथे एक आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे जवळजवळ २४,००० किमी, आणि माझी चूक त्या हिशोबाने ०.०५ आर्कसेकंदाच्या आसपास बसते. इतकी बारीक चूक कुठून येतेय तेच सापडत नाहीये. मुलांनी सगळी त्रिकोणमिती दोनदा तपासली, ती बरोबर आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी ताऱ्याच्या गतीकडे बघा. गायाच्या कॅटलॉगमध्ये पूर्व-पश्चिम गतीत कॉस डेल्टा (ताऱ्याच्या क्रांतीचा, म्हणजे आकाशातल्या अक्षांशाचा, कोसाइन) आधीच गुणलेला असतो, परत गुणलात का? आणि व्हेक्टर टेबलची वेळ टीडीबीमध्ये (ग्रहगणितासाठीचं वेळमापन) असते, यूटीसी (घड्याळाची जागतिक वेळ) नव्हे. २०१८ आणि २०२० ला दोन्हींत ६९ सेकंदांचा फरक होता. टीडीबीलाच यूटीसी धरलं तर भाकीत ६९ सेकंद उशिरा येणार, आणि तेवढ्यात सावली हजाराच्या वर किलोमीटर पुढे निघून जाते. दोन्हीदा उशीर होतोय तो यामुळेच असणार. पण पट्टा आडवा का सरकतोय ते मात्र यातून सुटत नाही.

धागाकर्ती

कॉस डेल्टा बरोबर होता, पण वेळेचं अगदी खरं निघालं, मी टीडीबीच थेट घड्याळाची वेळ म्हणून वापरत होते! आता एकीकडे वेळ थोडी लवकर येते, दुसरीकडे थोडी उशिरा. पट्टा अजून तिथेच आहे, एकदा इकडे, एकदा तिकडे.

प्रतिसाद २

उलटसुलट चूक म्हणजे काहीतरी फिरतंय. होरायझन्समध्ये टार्गेट कोणतं निवडलंत, ९ की ९९९? ९ म्हणजे प्लूटो आणि त्याचा मोठा उपग्रह शॅरन मिळून जो गुरुत्वमध्य होतो तो, प्लूटो स्वतः ९९९. शॅरन इतका जड आहे की हा मध्य प्लूटोच्या पोटात नसून बाहेर मोकळ्या जागेत, प्लूटोच्या केंद्रापासून २१०० किमीच्या आसपास आहे, आणि प्लूटो त्याच्याभोवती ६.३९ दिवसांत एक फेरी मारतो. तुमच्या दोन तारखांमध्ये ६६१ दिवसांहून थोडे जास्त जातात, भागून बघा, १०३ पूर्ण फेऱ्या आणि वर अर्ध्याहून जराशी जास्त. म्हणजे दुसऱ्या वेळेस प्लूटो मध्याच्या जवळपास पलीकडच्या बाजूला होता, म्हणून चूकही उलटली.

धागाकर्ती

९ च होता! नाव टाकल्यावर जी यादी आली त्यात वर ९ दिसला आणि लहानपणापासून नववा ग्रह म्हणून शिकलेलो, तोच घेतला. आत्ता ९९९ टाकून परत चालवलं, लाल पट्टा देवस्थळच्या निळ्या ठिपक्यावरून जातोय, २०१८ चा पट्टाही जागेवर आलाय. दोघांचे मनापासून आभार, मुलं इथे टाळ्या वाजवतायत.

छापलेल्या मार्गापासून अजून थोडासा फरक राहतोय, तो कक्षेच्या आकड्यांमुळेच ना?

प्रतिसाद २

हो. पिधान बघितलं की प्लूटोची जागा मिलीआर्कसेकंदांपर्यंत कळते, मग त्यावरून कक्षा सुधारतात आणि पुढचं भाकीत आणखी नेमकं होतं. तुम्ही घेतलेले आकडे आणि छापलेला मार्ग काढणाऱ्यांनी भाकितासाठी वापरलेले आकडे तंतोतंत एकच नसणार. आता हौमिया या दुसऱ्या बटुग्रहाची घटना करा, २१ जानेवारी २०१७, युरोपातून बघितलेली. त्याच निरीक्षणात तिचं कडं सापडलं.

धागाकर्ती

हौमिया घेतली. शनिवारी मुलांबरोबर बसते आणि पट्टा कुठे येतो ते इथेच टाकते.