‘व्हिज्युअल’ निघाली, म्हणून नुसते व्हिडिओ नकोत

ताई, व्हार्क या शिकण्याची शैली सांगणाऱ्या चाचणीत तुमची मेडिकलला असलेली मुलगी ‘व्हिज्युअल’ (म्हणजे बघून शिकणारी) निघाली म्हणून पुस्तकं बाजूला ठेवून व्हिडिओच लावावेत का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून तसं करू नका. ती 16 प्रश्नांची चाचणी आवड सांगते, कुवत नाही. शैलीनुसार शिकवल्याने गुण वाढतात याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 सालीच काढला होता. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात अ‍ॅनाटॉमीच्या (शरीररचनेच्या) विद्यार्थ्यांनाही आपल्या शैलीने अभ्यास करून जास्त गुण मिळाले नाहीत.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा लेखी असो की व्हायवा (तोंडी), समोर पुस्तक नसताना आठवावं लागतं. म्हणून सरावही तसाच हवा. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं घ्या. कोऱ्या कागदावर न बघता 5 रूट्स, 3 ट्रंक्स, 6 डिव्हिजन्स, 3 कॉर्ड्स काढायचे, मग पुस्तक उघडून चुका लाल पेनाने दुरुस्त करायच्या. त्यातूनच निघणाऱ्या मिडियन नर्व्हला (हाताच्या एका मुख्य नसेला) लॅटरल आणि मिडियल अशा दोन्ही कॉर्ड्सकडून मुळं येतात, तिथलं एक हमखास सुटतं. व्हिडिओत ते दहादा पाहिलेलं असतं, पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. हायलायटरही इथेच फसवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद, मग तिसऱ्या, मग आठव्या. आठव्या दिवशी थोडं विसरलेलं असेल, तिने घाबरू नये. ताण देऊन आठवलेलंच पक्कं बसतं.

व्हिडिओ जरूर बघू दे, पण पहिल्यांदा समजून घेण्यापुरते. आणि ऑस्कल्टेशन, म्हणजे स्टेथोस्कोपने छातीतले आवाज ऐकणं, कानानेच शिकायचं, शैली कुठलीही निघो.