मदत हवी आहे : जुनी ॲल्युमिनियमची बास बोट, कुजलेला ट्रान्सम आणि तुटपुंजं बजेट

नमस्कार मंडळी,
१४ फुटी जुनी बास बोट (बास मासे पकडायची छोटी बोट) घेतलीय. एवढी स्वस्त मिळाली तेव्हाच ओळखायला हवं होतं! डेकचा प्लायवूड उचकटला तर खालचा फोम पाणी पिऊन बसलेला. एक तुकडा पिळला तर चक्क धार लागली. ट्रान्समच्या (बोटीची मागची, मोटर जिथे बसते ती भिंत) लाकडात स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा गेला, म्हणजे मोटर लावायचं तूर्तास विसरायचं.

गळती शोधायला बोट ट्रेलरवरच ठेवून, खालून टेकू देऊन आत चार बोटं पाणी भरलं आणि बाहेरून थेंब दिसेल तिथे मार्करने खूण केली. ११ रिवेट गळतायत. हे आतून-बाहेरून ठोकून पुन्हा घट्ट बसतील, की ड्रिल करून काढावेत आणि सीलंट लावून बंद टोकाचे पॉप रिवेट (एकाच बाजूने बसवता येणारे) मारावेत? (साधे पॉप रिवेट मधून पोकळ, ते नकोतच.)

दुसरं, ट्रान्समसाठी मरीन प्लाय खिशाला झेपत नाही. साध्या वॉटरप्रूफ प्लायला इपॉक्सीचे तीन हात, कडा आणि बोल्टची भोकंसुद्धा नीट सील करून, असं कुणी केलंय का? किती वर्षं टिकलं? प्रेशर ट्रीटेड लाकूड (कुजू नये म्हणून तांब्याची रसायनं मुरवलेलं) कृपया सुचवू नका, त्यातलं तांबं ओल धरली की ॲल्युमिनियम खातं.

रंगाचं नंतर बघू. आधी तरंगू तर दे!